चित्रे वेळेत झाली, बिल अडकले

सोलापुरात राहून मुलांच्या चित्रपुस्तकांची चित्रे काढता येतात का, असे मला अधूनमधून विचारले जाते. येतात. त्यासाठी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही. मात्र केलेल्या कामाचे पैसे परराज्यातल्या प्रकाशकाकडून घरबसल्या मिळवायला जी चिकाटी लागते, ती मला चित्रकलेच्या वर्गात कोणी शिकवली नव्हती.

अशाच एका प्रकाशकाचे हे पुस्तक सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरच्या माळढोक पक्ष्याचे होते. ३२ पानी, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच म्हणजे फर्मा). त्यातली शीर्षक आणि श्रेयनामावलीची पाने वजा जाता उरेल तेवढ्यात गोष्ट बसवायची. स्टोरीबोर्ड, पेन्सिलीचे रफ आणि रंग हे टप्पे सुरळीत पार पडले. वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. संपादकबाईंना गवत हिरवे हवे होते आणि पावसाळा ओसरला की आमच्या माळावरचे गवत पिवळे पडते, हे मला छायाचित्रे पाठवून पटवावे लागले. एप्रिलच्या उन्हाळ्यात जलरंगांत आकाश रंगवताना पट्टा कागदाच्या दुसऱ्या कडेला पोहोचण्याआधीच पहिली कड वाळते आणि मध्ये रेघ उमटते. म्हणून ३०० जीएसएमचा जाड कागद मागच्या बाजूनेही भिजवून घ्यायचा, पंखा बंद ठेवायचा आणि उजाडण्याच्या सुमारास कामाला बसायचे, हा माझा नेम ठरून गेला. शेवटच्या फाइली मंजूर झाल्या, संपादकबाईंनी मनापासून कौतुक केले आणि मी बिल पाठवले.

लेखा विभागाचे उत्तर आले की, आधी ‘विक्रेता नोंदणी’ करावी, त्याशिवाय बिल दाखल होणार नाही. तो ऑनलाइन अर्ज कागदाचे व्यापारी, छापखाने आणि बायंडर यांच्यासाठी बनवलेला होता, हे पहिल्या पानावरच कळत होते. त्यात गोदामाचा पत्तासुद्धा विचारला होता. तिसऱ्या पानावर जीएसटी क्रमांकाचा रकाना होता, त्याच्या शेजारी लाल तारा होता आणि तो भरल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण उमटतच नव्हते. ‘लागू नाही’ असे लिहिले तर १५ अक्षरे पूर्ण करा, असा संदेश येई. मदतकक्षातल्या गृहस्थांनी फोनवर सुचवले, “मॅडम, सगळी शून्ये टाकून बघा.” मी तेही करून पाहिले, पण या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात, हे त्या यंत्रणेला पक्के ठाऊक असल्याने तिने शून्येही परत केली. मग दुसऱ्या कोणीतरी कळवले की, तुम्ही दुसऱ्या राज्यातून सेवा देता, त्यामुळे तुम्हाला जीएसटी नोंदणी सक्तीचीच आहे, ती करून घ्या आणि मग या.

हे वाक्य इतक्या खात्रीने लिहिलेले होते की, मी जवळजवळ नोंदणी करायलाच निघाले होते. नवी पेठेतल्या आमच्या सीएंनी मला थांबवले. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही आणि ऑक्टोबर २०१७पासून ही सूट परराज्यात सेवा देणाऱ्यांनाही आहे, हे त्यांनी अधिसूचना काढून दाखवले. शिवाय चित्रकाराने आपल्या मूळ चित्रांचा कॉपीराइट प्रकाशकाला दिला किंवा वापरू दिला, तर त्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने प्रकाशकानेच भरायचा असतो, म्हणजे जो कर मुळात त्यांच्या गळ्यात होता त्याचा क्रमांक ते माझ्याकडे मागत होते. “नंबर काय, आज अर्ज केला तर मिळून जाईल,” सीए म्हणाले, “पण मग एक रुपयाचं काम नसलं तरी रिटर्न भरत बसा, आणि विसरलात की दिवसाला वीस रुपये दंड.” मुलांच्या पुस्तकांवर वर्षाला काय मिळते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या वीस रुपयांचे वजन कळेल.

त्यानंतरचा काळ निव्वळ ईमेलचा. मी अधिसूचनेचा हवाला द्यायचा, उत्तरात पुन्हा त्याच अर्जाचा दुवा यायचा. बिल देणाऱ्याला दाराबाहेर उभे करून दाराचीच किल्ली मागावी, तसा तो प्रकार होता. संपादकबाई भल्या होत्या, पण लेखा विभाग त्यांच्या हाताखाली नव्हता. दरम्यान पुस्तक छपाईला गेले, आणि आपले पुस्तक छापून होते, पण आपले नाव मात्र ‘विक्रेत्यांच्या’ यादीत बसत नाही, याचा मला आलेला राग अजूनही पूर्ण उतरलेला नाही.

गाडी हलली ती पत्रामुळे. मदतकक्षाचा नाद सोडून मी थेट लेखा विभागाच्या प्रमुखांच्या नावे एक पानी घोषणापत्र लिहिले: चालू आर्थिक वर्षात माझी एकूण उलाढाल २० लाखांपेक्षा कमी आहे, म्हणून मला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि ती मर्यादा ओलांडल्यास कळवीन. सोबत पॅनची प्रत, नाव छापलेला रद्द केलेला धनादेश आणि उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र जोडले. ही उद्यम नोंदणी चित्रकारांनी करून ठेवावीच, असे मी आग्रहाने सांगेन. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, आणि तिच्यामुळे २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार खरेदीदाराने पूर्ण झालेले काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक ठरते, नाहीतर व्याज लागते. पत्राच्या शेवटच्या ओळीत मी या तरतुदीचा उल्लेख अतिशय नम्रपणे केला होता. उत्तर लगेच आले. ‘अनोंदणीकृत पुरवठादार’ असा पर्याय त्यांच्या यंत्रणेत पहिल्यापासून होता, तो फक्त आतल्या कर्मचाऱ्यांना दिसत होता.

रक्कम खात्यात आली, तेव्हा त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला होता. त्याने घाबरून जाऊ नये. तो आयकर खात्याच्या २६एएस या करकपातीच्या तक्त्यात आपल्या नावावर दिसतो का तेवढे पाहावे आणि विवरणपत्र भरताना हिशेबात धरावा.

करारासंबंधी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखीच लागतो आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते, म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द करारात दिसले की तिथेच पेन खाली ठेवून मुदत, भाषा आणि माध्यम विचारून घ्यावे. हक्क दिले तरी चित्रकार म्हणून नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७नुसार आपल्याकडेच राहतो. मुखपृष्ठावर नाव हवे असेल, तर ते मात्र करारात घालून घ्यावे. मानधन करारावरची सही, रफ आणि अंतिम चित्रे अशा तीन हप्त्यांत मागावे आणि मूळ चित्रे आपल्याकडेच राहतील, हेही लिहून घ्यावे.

त्याच प्रकाशकाचे दुसरे काम आले, तेव्हा तिसऱ्या पानावरचा लाल तारा जागच्या जागी होता. मी अर्ज उघडून बघितला, बंद केला, घोषणापत्रावरचे आर्थिक वर्ष बदलून ते लेखाप्रमुखांना पाठवले आणि पहिला हप्ता जमा झाल्यावर रफला हात घातला.