नळी काढल्यानंतरचं पाणी

लघवीची नळी काढायचा दिवस आम्हा सिस्टरांना ऑपरेशनच्या दिवसापेक्षा जड जातो. टाके टिकले की नाही ते त्या दिवशी कळतं, आणि बहुतेक वेळा आधी आम्हालाच.

ही सुरगाण्याकडची, विशीतली. पहिलंच बाळंतपण. दोन रात्री कळा घरीच काढल्या, मग झोळीतून रस्त्यापर्यंत आणली. मूल हाती लागलं नाही. डोकं इतका वेळ अडकून राहिलं की लघवीची पिशवी डोकं आणि पुढचं हाड यांच्यामध्ये चेंगरते. तिथलं रक्त थांबतं, मेलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो आणि पिशवी व योनिमार्ग यांच्यात भोक राहतं. यालाच फिस्टुला म्हणतात. म्हणून हे प्रकरण बाई घरी गेल्यावर सुरू होतं. झोपेत, चालताना, बसल्याजागी, लघवी गळतच राहते. अशा केस आता कमी दिसतात. फिस्टुलाच्या पुष्कळ बाया गर्भपिशवीच्या ऑपरेशनात इजा झालेल्या असतात. हिने मात्र वर्ष काढलं पडवीत वेगळं अंथरूण घालून. शेवटी गावच्या आशाताईंनी एसटीत बसवून नाशिकला आणली.

पिशवीत निळं औषध भरलं, योनिमार्गात तीन बोळे ठेवले. मधला निळा झाला. निदान पक्कं, मांड्यांची सोललेली कातडी बरी होऊ दिली, मग ऑपरेशन झालं. इथवर सगळं सरळ.

भांडण पाण्यावरून झालं. ती पाणी पीतच नसे. कमी प्यायलं की कमी गळेल, हा तिचा वर्षभराचा हिशोब. खरं तर त्याने लघवी गडद होते, वास वाढतो, कातडी जास्त जळते. आणि ऑपरेशननंतर तर पाणी हवंच, कारण नळी तुंबली की पिशवी फुगते आणि ताण थेट टाक्यांवर येतो. पण ही बाटली घेऊन बेसिनमध्ये ओतायची. आमच्या मावशींनी पकडली, आणि त्या जे बोलल्या ते मला सात जन्मांत जमलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा निळं औषध घालून पाहिलं. बोळे पांढरे. नळी काढली. दर तासाला संडासात जाऊन बस, असं बजावून मी दुसऱ्या पेशंटकडे वळले. दुपारी तिची सासू धावत आली, "सिस्टर, गळलं!"

चादरीवर मोठा ओला डाग. ती भिंतीकडे तोंड करून उभी, खाटेवर बसायला तयार नाही. मी विचारलं, "आधी काही जाणवलं का गं?"

"खालच्या अंगाला पोटात दुखलं. उठेपर्यंत झालं."

मला तिथेच हायसं वाटलं. भोकातून गळणारी लघवी सांगून येत नाही. पिशवी भरल्याची जाणीव तिला वर्षभर झालीच नव्हती, त्यामुळे तिने ती दुखणं धरली. वर्षभर रिकामी राहून पिशवीही आकसलेली, थोड्यातच घाई व्हायची. कोरडा पॅड लावून तिला आडवं केलं. अर्ध्या तासाने पाहिलं, पॅड कोरडाच. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. मग नव्याने शिकवणी सुरू झाली: लागली की जायचं, हळूहळू थोडं धरायचं, ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे.

सुट्टीच्या वेळी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, निदान तीन महिने संबंध नाहीत, ओझं नाही, आणि पुढचं बाळंतपण दवाखान्यात सिझेरियननेच. तो मान हलवत राहिला. सासूचा प्रश्न एकच, "दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला कधी जाईल?" मला रागच आला. पण घरची चूल त्या मजुरीवर पेटते, तिने तरी काय विचारावं? अडचण अशी की आम्ही दर दोन तासांनी लघवीला जा म्हणतो आणि बऱ्याच बागांत बाईला बसायला जागाच नसते. बाया मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत, धडधाकट असल्या तरी.

द्राक्षाच्या मणी विरळणीच्या दिवसांत ती तपासणीला आली. कोरडी होती, अंगाने थोडी भरलीही होती. टोळीतल्या बायकांनी मुकादमाच्या मागे लागून बांधावर शेडनेटचा आडोसा करून घेतला म्हणाली. त्याने त्याचे पैसे सगळ्यांच्या मजुरीतून कापले, आणि त्यावरून ती मला अर्धा तास शिव्या ऐकवत होती, त्याला.