पुदिना बाजूला

रविवार, रात्र

दादाने मी केलेल्या जांभूळ-व्हिस्कीच्या 'स्मॅश'मधला पुदिना काढून बशीत ठेवला. चमच्याने, एकेक पान, चकलीच्या शेजारी. पोह्यातला कढीलिंब काढतात तसा. मग ग्लास तोंडाला लावला आणि म्हणाला, "छान आहे गं."

बस, एवढंच. भांडण नाही, कुणाचा आवाज चढला नाही, वहिनीसुद्धा काही बोलली नाही, म्हणजे बघा. सगळे जेवून गेले, ओटा पुसून झाला, आई झोपली, आणि मी ती पानं डोक्यात घेऊन बसलेय.

वाईट लागलं असतं तर "कसलं पाणचट केलंयस" म्हणायचं. लहानपणी म्हणायचाच की. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्याने चपलेचा तळ म्हटलं होतं, मी लाटणं घेऊन मागे धावले होते, विषय संपला. "छान आहे" म्हटल्यावर कुणाच्या मागे धावणार?

आणि केलं काय कमी होतं? सकाळी स्टेशनबाहेरून जांभळं आणली. मावशी म्हणाल्या बहाडोलीचीच आहेत. पालघरच्या प्रत्येक टोपलीतली जांभळं बहाडोलीचीच असतात, पण ही खरंच टपोरी होती, म्हणून घासाघीस केली नाही. बिया काढता काढता नखं अशी जांभळी झाली की आई म्हणाली, कुणाचा मुडदा पाडून आलीस. गराला काळं मीठ लावून ठेवला. ते लागतंच. जांभूळ तुरट, लाकडाच्या पिंपात मुरलेली व्हिस्कीही जराशी तुरट, दोघं एकत्र आली की जीभ टाळूला चिकटते. चिमूटभर मिठाने ते बरंच खाली बसतं. साखर आणि पाणी समसमान घेऊन, विरघळवून, गार करून ठेवलं. अर्धं लिंबू सालासकट चेचलं, कारण सालीतल्या तेलाचा जो वास असतो तो नुसत्या रसाला नाही. पुदिना सगळ्यात शेवटी, आणि तो कुटायचा नाही. रवीच्या बुडाने हलकेच दाबायचा, वास सुटला की हात आवरायचा. पानांचा चेंदामेंदा झाला की गवत खाल्ल्यासारखं कडवट लागतं. माझ्याकडे शेकर नाही. लोणच्याची फिरकीच्या झाकणाची बरणी आहे. त्यात हे सगळं, माणशी साठ मिली व्हिस्की आणि वर बर्फ घालून, बरणी हातात धरवेनाशी गार होईपर्यंत हलवली. चहाच्या गाळणीतून गाळलं. रंग असा उतरला होता की वहिनीने हातातलं कोकम सरबत बाजूला ठेवून फोटो काढला.

आणि वर ती पुदिन्याची काडी. तळहातावर घेऊन एक चापट मारायची आणि ग्लासात खोचायची. ती खायची नसतेच. ती नाकासाठी असते. ग्लास तोंडाजवळ नेला की आधी पुदिना येतो, मग जांभूळ, मग व्हिस्की, अशी ती रांग आहे. दादाने नेमकी रांगेतली पहिलीच उचलून बाहेर काढली.

हे त्याला सांगायला हवं होतं का? सांगून काय होणार होतं! "अगं हो का" म्हणाला असता, परत खोचून घेतली असती, आणि ते जास्त लागलं असतं.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे, हेही सांगायचं राहिलं. अमेरिकेत जेरी थॉमस नावाच्या बारवाल्याने 1862 साली पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात हा 'स्मॅश' आहे. दारू, साखर, पुदिना, बर्फ आणि वर त्या दिवसांत मिळेल ते फळ. म्हणजे दीडशे वर्षं लोक हे पीत आलेत, पानं न काढता. पण दादाला 1862 ऐकवायचं म्हणजे त्याने घड्याळाकडे बघायचं.

माझं असंच होतं नेहमी. कुणी नको म्हणत नाही. चमच्याने अलगद उचलून कडेला ठेवतात, तेही हसून. त्या क्लासचं तसंच झालं. नाशिकच्या नोकरीचं तसंच. मंगळवारचं तर काय, "तू काही काळजी करू नकोस, मी सगळं बघतो" म्हणाला, आणि आवाज तोच, छान-आहे-गं वाला.

जाऊ दे. मंगळवारबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

दुसरा पेग त्याने स्वतःच भरला. व्हिस्की, तेवढंच पाणी, बर्फ नाही. बरोबर खारे शेंगदाणे, फोलपटं सोलून. मी आईकडे बघितलं, आई टीव्हीकडे बघत होती. शनिवारी आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं असायचं, आणि आप्पा बाहेर आले की आम्ही दोघं उरलेल्या शेंगदाण्यांवर तुटून पडायचो. तेवढंच पाणी, बर्फ नाही. त्यात कुणाचं काही खोचलेलं आप्पांना चाललं असतं का, कुणास ठाऊक. कुणी खोचून बघितलंच नाही.

परवा मंगळवारची कागदपत्रं काढताना गोदरेजच्या कपाटात आप्पांचं परमिट सापडलं. 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे आपल्याकडे, तेव्हा प्यायची तर परमिट हवं, तेही प्रकृती राखण्यासाठी म्हणून. आजन्म परवान्याला हजार रुपये, एका दिवसाच्याला पाच, आणि वय पंचवीस पूर्ण पाहिजे. आप्पा प्रकृती राखायला बसायचे शनिवारी! परवान्यात 'विदेशी मद्य', आणि बाटलीवर पत्ता नाशिकचा. ते परमिट मी दादाला दाखवलं नाही. फाइलमध्येही ठेवलं नाही. माझ्या पर्समध्ये आहे.

वहिनी जाताना दारात विचारत होती, कृती पाठव म्हणून. पाठवीन. व्हिस्की न घालता करणार आहे म्हणे. कर बाई, जांभूळ, लिंबू, पुदिना, काळं मीठ, तेही चांगलंच लागतं, फक्त त्याला मग सरबत म्हणायचं.

इतकं लिहून झाल्यावर उठले आणि स्वतःसाठी एक केला. संध्याकाळी सगळ्यांना देता देता मला धड घोट मिळालाच नव्हता. बरणी हलवताना आवाज होतो, म्हणून टॉवेलात गुंडाळून हलवली. या वयात, स्वतःच्या घरात, रात्री, टॉवेलात. आईच्या खोलीतून आवाज आला, "मिक्सर लावलास का गं?" नाही म्हटलं. "मग मलाही दे जांभूळ." वाटीत गर आणि चमचा नेऊन दिला. दोन चमचे खाल्ले, जीभ बाहेर काढून दाखवली, झोपली.

आणि चव? फर्मास. उगाच विनय नको. आधी पुदिना, मग जांभळाचा तुरटपणा, मिठाने जरा दबलेला, आणि घशाखाली उतरल्यावर मागून व्हिस्कीची ऊब. बाहेर तो चमच्याने पानं काढत बसला काय आणि नाही काय, हे असंच लागणार होतं.

फक्त एक आहे. काडी नाकात जाते. म्हणजे अगदी नाकपुडीत. ग्लास तिरका केला की वरचं पान बरोबर आत शिरतं, आणि दादाचं नाक तर आप्पांचं आहे. मी हसले एकटीच, ठसका लागला, वहीवर सांडलं. हे जांभळे डाग त्याचेच. पुढच्या वेळी काडी आखूड तोडायची. दादाच्या ग्लासात मात्र लांबच.

तर मंगळवारी अकरा वाजता. आधार, पॅन, दोन फोटो. गर अजून पेलाभर उरलाय, तो उद्या नुसत्या सोड्यातून संपवीन. बाटलीला आता गटारीपर्यंत हात लावायचा नाही. गटारी लांब आहे म्हणा, पण दादाला आत्ताच मेसेज टाकलाय की त्या दिवशी इकडेच या, मटण मी करते.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. आलं की "छान" असंच असणार.