कोचला काढा!

बास्केटबॉलच्या चाहत्याला हंगामात एकदा तरी ‘कोचला काढा’ असं ओरडावंसं वाटतंच. मी तर हल्ली हंगाम सुरू व्हायचीही वाट पाहत नाही. माझ्या संघाचं नाव सांगत नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तीस संघ आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या चाहत्यांना तो आपलाच वाटेल.

ओरडायला कोच फार सोयीचा. टाइमआउटमध्ये तो पाटीवर रेघोट्या मारतो, त्यातलं कोर्टवर काहीच घडत नाही आणि कॅमेरा नेमका त्याच्याच चेहऱ्यावर जातो. संघात धड थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा बास्केट) मारणारा एकही नाही, हा दोष खरं तर खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे साहेब क्वचितच तोंड उघडतात आणि उघडलं की ‘आम्ही योग्य दिशेने चाललोय’ एवढंच म्हणतात. खेळाडूंच्या कराराच्या पैशांची हमी दिलेली, त्यामुळे सगळ्यांना एकदम घालवता येत नाही. मालक स्वतःला काढत नाही. उरला कोच.

2019 ते 2023 या पाच वर्षांत पाच कोचनी विजेतेपद मिळवलं. टोरांटोचा निक नर्स, लेकर्सचा फ्रँक व्होगेल, मिलवॉकीचा माइक बुडेनहोल्झर आणि डेन्व्हरचा मायकल मलोन या चौघांना त्याच संघांनी पुढे नारळ दिला. वाचला तो वॉरियर्सचा स्टीव्ह कर. मलोनला तर 2025 च्या एप्रिलमध्ये, नियमित हंगामाचे तीनच सामने उरले असताना काढलं. (त्याच्याबरोबर जनरल मॅनेजरलाही घरी पाठवलं, हे मात्र मानलं पाहिजे.) फिनिक्सने 2023, 2024 आणि 2025 अशी तिन्ही वर्षं कोच हाकलला, त्यांतले दोघे म्हणजे हेच आपले व्होगेल आणि बुडेनहोल्झर. म्हणजे एकाने टाकलेला माणूस दुसऱ्याची नवी आशा. सॅक्रॅमेंटोने माइक ब्राउनला काढलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कने टॉम थिबोडोला काढून त्याच ब्राउनला आणलं. थिबोडोने संघाला 2000 नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं होतं, तरी!

बरं, हे फुकटात होत नाही. डेट्रॉइटने मॉन्टी विल्यम्सशी सहा वर्षांचा, 7.85 कोटी डॉलरचा करार केला आणि 14 विजय, 68 पराभव अशा एका हंगामानंतर त्याला निरोप दिला. हरण्याचे इतके पैसे मिळत असतील, तर मीही पाटीवर रेघोट्या मारायला तयार आहे.

पंचाईत अशी की कधीकधी हा उपाय लागू पडतो. 2016 च्या जानेवारीत क्लीव्हलँडने डेव्हिड ब्लॅटला काढलं, तेव्हा संघ 30 सामने जिंकून फक्त 11 हरला होता. जूनमध्ये टायरॉन ल्यूच्या हाताखाली तोच संघ चॅम्पियन झाला. 2018 मध्ये टोरांटोने ड्वेन केसीला काढलं, वर्षातला सर्वोत्तम कोच हा पुरस्कार त्यालाच मिळाला, तरी पुढच्या वर्षी चषक आला नर्सच्या हाती. हे दोन दाखले आम्ही चाहते खिशात घेऊनच फिरतो. केसीला काढलं त्याच उन्हाळ्यात टोरांटोच्या मॅनेजमेंटने ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल करून, कवाय लेनर्ड या स्टार खेळाडूला आणलं होतं, हे मात्र आम्हाला सोयीस्करपणे आठवत नाही.

नेम बरोबर बसला तो डॅलसच्या चाहत्यांचा. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघाने आपला स्टार खेळाडू लुका डॉन्चिच याला लेकर्सकडे धाडलं, तेव्हा ते कोचच्या नावाने नाही, तर ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनच्या नावाने ओरडले. नोव्हेंबरात निको गेला. लुका काही परत आला नाही, पण निदान घोषणा योग्य माणसाची होती.

आम्हीही एकदा तसं करून पाहिलं. पण आमच्या जनरल मॅनेजरचं नाव असं लांबलचक की अर्ध्यावर ताल चुकतो, आणि तेवढ्यात समोरचा संघ आणखी एक थ्री टाकतो. मग पुन्हा आपलं ‘कोचला काढा’.