गुरूला पडलेला खड्डा

रविवार, रात्रीचे पावणेबारा

नखांतला निळा रंग अजून निघालेला नाही. लेक टेबलावरच डोकं ठेवून झोपली होती. तिला आत नेऊन निजवलं आणि परत येऊन शनीची कडी चिकटवत बसले.

सहावीचं प्रोजेक्ट, सूर्यमाला. वहीत सूचना: 'मॉडेल त्रिमितीय असावे, सजावटीला गुण.' गुरुवारी सांगितलं, सोमवारी द्यायचं. शुक्रवारी वर्गाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी बाबांनी मोटरवर फिरणाऱ्या ग्रहांचा व्हिडिओ टाकला. खाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा दिला आणि लगेच थर्माकोलचे गोळे मोठ्या मापाचे आणायला निघाले.

दुपारी गुरूवर स्प्रे मारला, तर गोळा एका बाजूने आत बसायला लागला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, हे मला या वयात कळलं. लेक मात्र वाकून वाकून बघत होती. "आई, राहू दे ना. हा गुरूवरचा तांबडा डाग आहे म्हणून सांगते." पृथ्वी आख्खी मावेल एवढं वादळ आहे ते, हेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, "असं चालत नाही गं," आणि कागदाचे बोळे कोंबून खड्डा बुजवला.

त्याआधी सकाळी तिने विचारलं होतं, सूर्य एवढाच, तर पृथ्वी लिंबाएवढी कशी? बसलो हिशेब करायला. सूर्य ११ सेंटिमीटरचा धरला तर पृथ्वी जेमतेम १ मिलिमीटर, टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक, आणि सूर्यापासून जवळपास १२ मीटर लांब. नेपच्यून साडेतीनशे मीटरवर. "म्हणजे नेपच्यून बघायला मॅडमना शाळेच्या गेटबाहेर जावं लागेल!" हसून हसून लोळली. सूर्य हातात धरून घरभर पावलं मोजत फिरली, घर संपलं तरी पृथ्वी येईना. दहा मिनिटं चाललं असेल. मग मीच म्हटलं, "पुरे आता, रंग वाळायला वेळ लागतो." त्यानंतर दिवसभर ती माझी हाताखालची पोरगी. कात्री दे, डिंक दे, पेपर धर, हलू नकोस.

बी.एड.ला किलपॅट्रिकची प्रकल्प पद्धती घोकली होती. १९१८ सालचा लेख. मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू धरून केलेलं काम म्हणजे प्रकल्प, असं काहीसं त्यात होतं. परीक्षेत चांगले मार्क पडले होते मला त्यावर.

शाळेवर राग काढणं सोपं आहे, आणि थोडा काढणारही आहे. ज्या घरात रविवारीही कामावर जावं लागतं, तिथलं पोर सजावटीचे गुण कुठून आणणार? पण खड्डा बुजवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवार, संध्याकाळ

मॉडेल शाळेत कपाटावर ठेवलंय म्हणे. शेरा: 'सुबक.' लेक फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "माझ्या आईला दहापैकी नऊ मिळाले."

एक कुठे गेला, असं मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.