संत्र्याच्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरचे मागचे टायर

रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, मारून झाला की मी ओळीतून पायी चालत जातो. दोन हंगामांपासून डाव्या अंगाला केसासारख्या बारीक, पिवळट मुळ्या वर आलेल्या दिसायच्या आणि उजवीकडे एकही नाही. संत्र्याची अन्न घेणारी तंतुमुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ती तुटली की झाड बोलत नाही, पण पुढच्या बहारात दिसतं. त्या मुळ्या हातात घेतल्या की जीव तुटायचा.

आमची बाग वरूडजवळ, काळ्या मातीत. ट्रॅक्टर जुना, महिंद्रा युवराज 215, एक सिलिंडरचा, 15 एचपीचा. सेकंडहँड घेतलेला. रोटाव्हेटर डावीकडे खोल जातो म्हणून मी लिफ्टच्या (अवजार उचलणाऱ्या हातांच्या) बाजूचा रॉड फिरवून रोटाव्हेटर अ‍ॅक्सलशी, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्याशी, समांतर करायचो. वावरात गेलं की पुन्हा तेच. शेवटी गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं, "भाऊ, जुळवनी राहू द्या, पयले चाकं मोजा."

खळ्यातल्या सिमेंटवर दोन्ही मागच्या चाकांना खाली खडूनं खूण केली, जमिनीवरही केली. मग दोघांनी ट्रॅक्टर सरळ ढकलला, खूण पुन्हा खाली येईपर्यंत. टेपनं मोजलं तर डावं चाक एका फेऱ्यात 5 इंच कमी चालत होतं. म्हणजे त्या बाजूचा अ‍ॅक्सल पाऊण इंचानं खाली आला होता. आधीच्या मालकानं उजवा टायर कधीतरी एकटाच बदलला असणार. अ‍ॅक्सलच तिरपा, मग त्याला समांतर केलेला रोटाव्हेटर सरळ कसा राहील? शिवाय दोन चाकं लहान-मोठी असली की सरळ चालतानाही डिफरेन्शियलचे (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे) गिअर फिरत राहतात, ती झीज वेगळीच.

तेव्हाच ठरवलं, घेतले तर जोडीनं.

रिमोल्ड करावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण डाव्या टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटाचं नख जाईल एवढ्या भेगा होत्या. उन्हाळाभर उघड्यावर उभा राहिलेला ट्रॅक्टर, त्यात आमच्याकडचं ऊन. भिंतच गेली असेल तर वर नवीन नक्षी चढवून उपयोग नसतो.

टायरवर 8.00-18 लिहिलेलं होतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. मधली आडवी रेघ म्हणजे साधा टायर, रेडियल असता तर तिथं आर असता. तालुक्याच्या दुकानदारानं रिमसकट 8.3-20 टाकायचा आग्रह धरला, वढ चांगली येते म्हणाला. मला ते पटलं नाही. चाक उंच झालं की त्याच गिअरला ट्रॅक्टर जास्त पळतो, चाकावरची ओढ कमी होते आणि लिफ्टची उंचीही बदलते. एक सिलिंडरच्या इंजिनाला ते कशाला? जुन्या झाडांच्या फांद्या ओळीत आलेल्या असतात, तिथं मोठ्या चाकाची अडचणच.

नक्षीवर मात्र मी बराच वेळ घालवला. एका टायरच्या पट्ट्या जवळजवळ होत्या, तो डांबरी रस्त्यावर जास्त टिकला असता. दुसऱ्याच्या पट्ट्या लांब अंतरावर आणि खोल. आपली काळी माती ओली असली की पट्ट्यांच्या मधे अशी भरते की चाक गुळगुळीत रोलर होतं, मग ते जागच्या जागी फिरून माती चोपून काढतं. मी अंतर असलेलाच घेतला. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत याहूनही खोल पट्ट्यांचे टायर वापरतात, पण इथं त्यांची गरज नाही.

दुकानदारानं काढलेल्या जोडीत एकावर चार आकडे होते 2325, दुसऱ्यावर 0922. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन वर्षं गोदामात पडलेलं रबर मी घेतलं नाही. एकाच काळातली जोडी यायला चार दिवस थांबलो. बिलावर जीएसटी 5 टक्केच लावलाय ना, हेही पाहिलं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबचा दर 18 वरून 5 वर आला आहे.

जुना टायर सोडवताना नॉझल, म्हणजे हवा भरायचं तोंड, काढलं तर लालसर पाणी उडालं. वजनासाठी आधीच्या मालकानं पाणी भरून ठेवलं होतं आणि ते झिरपून नॉझलच्या भोकाभोवती रिम पापुद्र्यासारखी सुटली होती. तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड लावला, दुसऱ्या दिवशीच टायर चढवला. ट्यूब नवीच. कडेला साबणाचं पाणी लावलं, ग्रीस लावू दिलं नाही, रबर खराब होतं. नवीन टायरमध्ये पाणी भरलं नाही. बागेत मला वजन वाढवायचं नाही.

बसवताना पोरानं उजवा टायर उलटा धरला होता. मागून उभं राहून पाहिलं की वरच्या बाजूला पट्ट्यांच्या 'व्ही'चं टोक पुढं यायला हवं. वेळेवर दिसलं.

नंतर खडू घेऊन पुन्हा त्याच सिमेंटवर ढकलला. दोन्ही खुणा एकदम जमिनीला टेकल्या. संध्याकाळी रोटाव्हेटर पुन्हा अ‍ॅक्सलला समांतर केला, उथळ लावला आणि दोन ओळी मारल्या. मागून चालत आलो. डावीकडेही नुसती माती होती.