कोकणकड्याचा पॅनो: तिसरी फेरी

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पॅनोमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम जोडून केलेल्या रुंद फोटोत, दोनदा फसला होता; या खेपेला थोडाफार हाती लागलाय. आधीच्या दोन्ही वेळा मी अर्धवर्तुळाच्या ऐन मधोमध ट्रायपॉड लावला होता, जिथे सगळे पोटावर झोपून खाली डोकावतात तिथेच. फुलफ्रेम कॅमेरा उभा, ५० मिमी लेन्स, १८० अंशांसाठी दहा फ्रेम. हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी बिनबोभाट झाली, पण कडाच गायब! आपल्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे कड्याचे हात सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये (नळकांड्यावरचं चित्र सपाट पसरावं तसे) उलगडले आणि वाटीची भिंत झाली. वर रुंदी-उंचीचं प्रमाण साडेचारास एक. मोबाइलवर तर लेंग्याची नाडी दिसत होती.

या वेळी पायथ्याच्या पाचनई गावाहून चढलो आणि मधली जागा सोडून कोकणाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या टोकाकडे सरकलो. तिथून समोरचा हात आडवा दिसतो. कड्याची गोलाई, पोटातली खोबण, बेसॉल्टचे थर, सगळं एका नजरेत येतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळची उन्हं थेट कातळावर. फ्रेम फक्त पाच. एकेक २७ अंशांची, तिसरा हिस्सा ओव्हरलॅप, म्हणजे एकूण ९९ अंश. डावीकडे तापलेला कातळ, उजवीकडे कोकणातला धुरकट उतार. पॅनोमध्ये दोन्ही टोकांना काहीतरी वजन लागतं, नाहीतर नजर कडेने घसरून बाहेर जाते. इथे उजवी बाजू जरा हलकीच पडली, म्हणून सूर्य फ्रेममध्ये येईपर्यंत थांबलो.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, एक्स्पोजर सूर्याच्या बाजूला बेतून. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) मुकाट्याने काढून ठेवला. मागच्या खेपेला त्याने आकाशात गडद पट्टा मारला होता. सुरुवात उजवीकडून केली, कारण उजेड तिकडेच भराभर बदलतो.

छापायला २.४:१ चं प्रमाण मिळतंय, भिंतीवर शोभेल असं. फक्त डाव्या कोपऱ्यात, अगदी लेन्सजवळचं गवताचं एक पातं दोनदा उगवलंय. नोडल रेल (लेन्सच्या योग्य बिंदूभोवती कॅमेरा फिरवू देणारी पट्टी) घरी राहिली होती, त्यात भणाण वारा. चौथी आणि पाचवी फ्रेम जुळवताना मास्क लावून (एका फ्रेममधलं पातं झाकून) पाहिलं, तर आता पातं एकच आहे, पण त्याला मधूनच बुंधा नाही. गवताच्या वरून क्रॉप करावं म्हटलं तर खोलीचा अंदाज देणारं तेवढंच आहे.