अपात्र ते सशुल्क पात्र: आमच्या झोपडीची फाईल

मुंबईत झोपडी तुटल्यावर माणूस बिल्डिंगमध्ये जाणार की रस्त्यावर येणार, हे एका तारखेवर ठरतं. 1995 साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा ती तारीख होती 1 जानेवारी 1995. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 जानेवारी 2000 वर आली. त्याआधीची झोपडी असेल तर घर फुकट. माझे आई-पप्पा माण तालुक्यातून मुंबईला आले ते 2003 च्या दुष्काळात. सरकारी हिशेबाने आम्ही तीन वर्षं उशिरा गरीब झालो.

आमची वस्ती पश्चिम उपनगरात, कलेक्टरच्या जागेवर. 2016 च्या सुमारास बिल्डर आला, सोसायटी झाली, सर्व्हेवाल्यांनी दारावर लाल रंगाने नंबर टाकले, आणि काही महिन्यांनी परिशिष्ट-2 लागलं. ज्यांच्या वाट्याला हे आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: परिशिष्ट-2 म्हणजे वस्तीतल्या झोपडीधारकांची पात्र-अपात्र यादी. झोपडी क्रमांक, नाव, क्षेत्रफळ, दिलेले पुरावे आणि शेवटी शेरा. लोक बाकी काही वाचतच नाहीत, बोट थेट शेवटच्या रकान्यावर. आमच्यापुढे 'अपात्र', शेजारच्या काकांपुढे 'पात्र'. दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती.

2018 मध्ये राज्य सरकारने नवं धोरण आणलं. 1 जानेवारी 2000 ते 1 जानेवारी 2011 या काळातल्या झोपड्यांनाही घर मिळणार, पण पैसे भरून. वस्तीत पेढे वाटले गेले. किती पैसे, हे मात्र कुणालाच सांगता येईना. ती रक्कम ठरली थेट 2023 मध्ये: अडीच लाख रुपये. मधली पाच वर्षं आम्ही धोरणात बसत होतो आणि यादीत बसत नव्हतो.

ही मधली वर्षं कशी असतात ते कुठल्याच जीआरमध्ये येत नाही. 'पात्र' मंडळी बिल्डिंग होईपर्यंतचं भाडं बिल्डरकडून घेऊन निघून गेली, त्यांच्या खोल्या पाडल्या, आणि त्या रांगेबरोबर सार्वजनिक संडासही गेला. नळाची लाईन तुटली ती तुटलीच. उरलेली आमच्यासारखी दहा-पंधरा घरं ढिगाऱ्याच्या मधोमध. रात्री आई एकटी बाहेर जायची नाही, मला उठवायची. बिल्डरचा माणूस अधूनमधून येऊन गोड आवाजात विचारायचा, "मावशी, अजून इथंच?" अडीच लाखांच्या आकड्याला पाच वर्षं का लागावीत, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

रक्कम जाहीर झाल्यावर पुरवणी यादीसाठी पुन्हा कागद मागवले. दोन गोष्टी दाखवायच्या होत्या: 1 जानेवारी 2011 पूर्वी ही झोपडी होती, आणि आजही आम्हीच तिथे राहतो. लाईटबिलांची अडचण नव्हती. पप्पांनी ती सगळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, तळाला रिलायन्सची, वर अदानीची. घोळ झाला मतदार यादीत. 2009 च्या यादीत पप्पांचं नाव 'ज्ञानदेव' ऐवजी 'नानदेव' छापलेलं. आधारवर वेगळं, यादीत वेगळं. टेबलावरच्या साहेबांनी फाईल उलटी सरकवली आणि म्हणाले, "हा माणूस कुठाय? तो आणा." तो माणूस माझ्या शेजारीच उभा होता.

मग निवडणूक कार्यालयातून यादीचा प्रमाणित उतारा काढला, कारण नुसती झेरॉक्स चालत नाही. नोटरीकडे दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. त्याच पत्त्यावरचं जुनं रेशनकार्ड आणि माझा 2008 चा शाळेचा दाखला जोडला. सुनावणीत साहेबांनी सगळ्यात जास्त वेळ त्या दाखल्यावर घालवला. ज्यांची सुनावणी व्हायची आहे त्यांनी मुलांचे शाळेतले पत्ते असलेले कागद आवर्जून न्या. आणि जे काही द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर पुढच्या खेपेला तुम्ही काही दिलंच नव्हतं असं होतं.

शेरा बदलला. 'सशुल्क पात्र'. घर 300 चौरस फूट कार्पेट, आई आणि पप्पा दोघांच्या नावावर, कारण नियमच तसा आहे. आईच्या नावावर आयुष्यात प्रथमच काहीतरी येणार, म्हणून ती यादीचा फोटो गावाकडच्या प्रत्येकाला पाठवत सुटली.

अडीच लाखांसाठी बँकेत गेले तर तारण विचारलं. घराचा ताबा मिळायचाय, मग तारण कुठलं देणार? शेवटी निम्मे आईच्या बचत गटातून आणि निम्मे माझ्या पगारावर उचलले. भाड्याच्या बाबतीत मात्र आम्ही आधी गेलेल्यांपेक्षा सुदैवी. बिल्डर मध्येच भाडं बंद करतात म्हणून 2023 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायची आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायची सक्ती केली. 2018 च्या सुमारास खोली सोडलेल्या काकांना हे कवच नव्हतं. त्यांचं भाडं वर्षभरात थांबलं, आणि 'पात्र' असूनही ते सध्या मुलीकडे राहतात.

आमच्या माळ्यावर सुनंदामावशी भाड्याने राहायच्या, आमच्याइतकीच वर्षं. माळ्याला हक्क नाही, त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. धारावीत माळ्यावरच्यांना आणि 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतच्या रहिवाशांना धारावीबाहेर भाडे-खरेदी तत्त्वावर, म्हणजे भाडं भरत राहून शेवटी मालकीचं होईल असं, घर द्यायचं ठरलंय. तोच माळा धारावीबाहेर असेल तर काही नाही. खोली रिकामी करायच्या दिवशी आम्हाला टेम्पोचं भाडंही मिळालं आणि मावशींनी सामान रिक्षातून नालासोपाऱ्याला नेलं.

गेल्या महिन्यात मी तिकडे जाऊन त्यांचा भाडेकरार करून घेतला आणि मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज भरला. "आता या वयात कशाला गं?" म्हणाल्या. 1995 चं 2000 झालं, 2000 चं 2011 झालं, एवढंच मी त्यांना सांगितलं, आणि लाईटबिलं ठेवायला आमचा तो डबा त्यांच्याकडे ठेवून आले.